कफ नाही मले

देवावर माझा विश्वास होता, पण तोही माझ्याच पद्धतीचा. नवऱ्याच्या मागे लकडगंजातली लाकडाची वखार मी एकटीने चालवली. सागाचा ओंडका ठोकून तो आतून पोकळ की भरीव, हे मी सांगायची आणि गिऱ्हाईक माझ्या शब्दावर माल उचलायचं. अशा बाईला छातीत कळ येऊन भर वखारीत, गडीमाणसांसमोर खाली बसावं लागलं, याचा मला दुखण्यापेक्षा रागच जास्त आला.

डॉक्टर म्हणाले, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांत अडथळा आहे, पण तो कुठे आणि केवढा हे आतून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. मोठ्या नळीत असला तर मुंबईला नेऊन छाती उघडावी लागेल, नाहीतर गोळ्यांवर भागेल. ही तपासणी तेव्हा नागपुरात नवीनच होती. मुलगी रडायला लागली. मला मात्र त्या गोष्टीचं मोठं कौतुक वाटलं. आम्हाला ठोकून अंदाज येतो, पण आतलं डोळ्यांनी पाहायचं तर लाकूड चिरावंच लागतं, आणि ही माणसं न चिरता पाहणार होती. तरी मनातून धास्ती होतीच. रामटेकच्या रामाला मी म्हटलं, इतकी वर्षं तुझं स्तोत्र एकही शब्द न चुकता म्हटलं, आता तू माझ्याकडे पाहा. त्यात विनवणी कमी आणि बजावणंच जास्त होतं.

तपासणीच्या खोलीत मला जागंच ठेवलं होतं. जांघेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेली. तपासणी करणारे डॉक्टर मद्रासकडचे, सिस्टर केरळची. दोघंही मायेची माणसं, पण मराठी दोघांनाही येत नव्हतं. नळीतून औषध सोडलं की अंगातून गरम लाट जायची, आणि बाजूच्या पडद्यावर माझ्याच हृदयाच्या नळ्या काळ्या फांद्यांसारख्या उमटायच्या. मी मनात स्तोत्र धरलं होतं. एकदा औषध सोडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर घाईने म्हणाले, "कफ, अम्मा, कफ." मला वाटलं, छातीत कफ आहे का विचारताहेत. मी ठणकावून सांगितलं, "कफ नाही जी मले." ते आणखी मोठ्याने म्हणाले, मी आणखी ठामपणे नाही म्हटलं. मग त्यांचा आवाज लांब जायला लागला. स्तोत्राची पुढची ओळ आठवेना. जन्मभराचं पाठ, आणि एक शब्द सापडेना. तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, रामा, मला काही येत नाही रे, आता तूच पाहा.

आणि दाराकडून आवाज आला, "खोक वं माय, खोक नं. खोकाले सांगून राहिले ते तुले."

जीव एकवटून मी खोकले. पुन्हा खोकले. अंधारी सरत गेली. डॉक्टरांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. औषधाने हृदयाची गती एकदम मंदावली होती आणि खोकल्याच्या धक्क्याने ते पुन्हा चालीला लागलं, हे मला मागाहून कळलं.

दारात डोक्याला दुपट्टा बांधलेला एक म्हातारा उभा होता आणि सिस्टर त्याला बाहेर काढत होती. संध्याकाळी मुलीने त्याला शोधून माझ्या खाटेपाशी आणलं. रामटेकजवळचा धानाचा शेतकरी. मी हात जोडले तर तोच ओशाळला. "म्या काय केलं वं बाई? छातीचा फोटो काढाले आलतो, अन् दरवाजा चुकलो. सकाळी मलेही असंच कफ कफ म्हणून खोकाले लावलं होतं यायनं," म्हणाला. रामटेक हे नाव ऐकून मी पुन्हा हात जोडले.

अडथळा एका लहान फांदीत निघाला. छाती उघडावी लागली नाही. पुढे रामटेकचा गड मी थांबत थांबत, पण माझ्याच पायांनी चढले, आणि ते मी सगळ्यांना सांगते. रामापुढे उभी राहिले तर स्तोत्रातली तीच ओळ पुन्हा विसरले. मुलगी सांगायला लागली, मी तिला थांबवलं. देवाशी शुद्धच बोलावं लागतं, असं मी आयुष्यभर धरून बसले होते. तो तर माझ्याशी घरच्यासारखा बोलला होता. आता वखारीत कोणी या गोष्टीबद्दल विचारलं की मी मान ताठ करून सांगते, आमचा राम वऱ्हाडी बोलते, बाप्पा.