सरडीचा काय दोष

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या उन्हाळ्यात आमचा शेजारी, सचिन गावच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधला बॉयलरवाला, रोज संध्याकाळी ओल्या गमछ्यानं मान पुसत विचारायचा, "काय भो मास्तर, आज पोरांना काय शिकवलं?"

एकदा मी सांगितलं, फार उष्णतेनं नर सरड्याचं बीज कमजोर पडतं, मग अंडी वाया जातात. मानेवरचा गमछा थांबला.

"म्हनजे सरडीचा दोष नाही?"

पुढे चाळीत एका पोरीचं डोहाळजेवण होतं. मूल नाही म्हणून बायका बॉयलरवाल्याच्या बायकोला ओटी भरू देईनात. हा थेट घोळक्यात शिरला, ताटातला नारळ उचलून बायकोच्या हातात दिला.

"वांझ म्हनायचं तर मला म्हना! बॉयलरपुढं मी उभा ऱ्हातो, ती नाही."

पोटुशीनं त्याच्या बायकोपुढं पदर पसरला.