ओइकावांच्या घरची भातवाढी

३ नोव्हेंबर २०१८, शनिवार. पहाटे दंव. मुळे धुऊन वळचणीला टांगले. दुपारी सासूबाईंना घेऊन जुन्या घरी गेले. नगरपालिकेचा कार्यक्रम. पाहुणे बरेच. धूर फार झाला.

इकुयो ओइकावा लिहायची ते एवढेच. उत्तर जपानातल्या मोरिओकाच्या ज्या शाळेत ती शिकली, तिथल्या नन्स सांगत, मनातले सगळे देवाला ठाऊक असते, तुम्ही वहीत फक्त घडलेले लिहा. त्यामुळे किसाबाईंशी, म्हणजे सासूशी, तिचे जन्मभराचे वैर होते, हे वह्यांची चळत वाचूनही कोणाला कळले नसते.

जुने घर गावाच्या वरच्या अंगाला होते. जाड गवती छपराचे, काटकोनात वळलेले. एका अंगात माणसे, दुसऱ्यात घोडे. इकुयो लग्न होऊन आली तेव्हा घोडा आगटीकडे तोंड करून उभा असे, आणि किसाबाई आधी त्याला खायला घालत, मग सुनेला. आगटीभोवतीच्या जागा ठरलेल्या होत्या. आतल्या बाजूला घरधनी, त्याच्या शेजारी भाताच्या लाकडी डब्यापाशी घरधनीण, आणि दाराकडे, सरपणाच्या ढिगाजवळ सून. पाठीला दाराचा वारा, हाताला काटक्यांचे ओरखडे.

भात वाढायचा चपटा लाकडी चमचा, म्हणजे भातवाढी, किसाबाईंच्या मांडीवर असे. कोणाच्या वाटीत किती भात पडायचा, ते त्या ठरवत. गावात एक चाल होती. सासू थकली की वर्षाच्या शेवटच्या रात्री भातवाढी सुनेच्या हातात द्यायची आणि म्हणायचे, "आजपासून घर तुझं." इकुयोच्या बरोबरीच्या सगळ्या सुनांना ती मिळाली. तिला नाही. नवरा गेला तरी नाही. पुढे छपराचा खर्च झेपेना म्हणून घर नगरपालिकेला संग्रहालयासाठी दिले, दोघी खालच्या पत्र्याच्या घरात राहायला आल्या, तेव्हा किसाबाईंनी भातवाढी धुऊन पुसून संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात ठेवायला दिली. नव्या घरात विजेचा कुकर आला. तोही जेवताना किसाबाईंच्याच बाजूला. भात शिजवायचा इकुयोने, वाढायचा त्यांनी.

छपराला कीड लागू नये म्हणून जुन्या घरात रोज धूर करावा लागे. ते काम नगरपालिकेने इकुयोलाच दिले होते. तीच जागा, तेच सरपण.

आणि आता संग्रहालयाच्या निनुमासानना ती चाल पाहुण्यांना करून दाखवायची होती. पंचविशीतला, उत्साहाने फसफसणारा मुलगा.

"नाटकच आहे हो, आजी," ते म्हणाले होते. "भातवाढी द्यायची, एक वाक्य बोलायचं, झालं."

"एवढंच ना? देते की," किसाबाई म्हणाल्या. पंचाण्णवाव्या वर्षीही आवाज ठणठणीत.

खोटे का होईना, ते वाक्य एकदा कानावर पडावे, तेही चारचौघांत, असे इकुयोला वाटले. वाटले याचा तिला स्वतःचाच राग आला. तरी तिने पेटीतला निळा किमोनो काढलाच.

"नवरी निघाली वाटतं!" गाडीत बसताना किसाबाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठी नाही नेसले."

"मग कोणासाठी? त्या लाकडी घोड्यासाठी?" संग्रहालयाने तबेल्यात लाकडाचा घोडा उभा केला होता.

आगटीभोवती माणसे दाटीवाटीने बसली होती. निनुमासाननी काचेचे कपाट उघडून भातवाढी किसाबाईंच्या हातात दिली, माइक पुढे धरला.

"ही माझी सून," किसाबाईंनी सुरुवात केली. "मठातल्या बायकांच्या शाळेत शिकली. आली तेव्हा परदेशी गाणी यायची, भात नाही यायचा. करपवायची नाहीतर कच्चा ठेवायची. मी खाल्लाय तो. म्हणून इतकी जगले, आता कशानेच मरत नाही."

लोक खो खो हसले. किसाबाईंनी वाटीत भात वाढून पुढे केला. इकुयोने वाटी घेऊन बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुन्हा पसरले. किसाबाईंनी भातवाढी मांडीवर ठेवून दिली.

"आजी, आता भातवाढी..."

"बहिरी नाहीये मी." मग पाहुण्यांकडे वळून, "घर आता कोणाचं? नगरपालिकेचं. मग हिला कशाला देऊ? घ्या निनुमासान, आजपासून घर तुमचं!"

टाळ्या पडल्या. निनुमासान गोरेमोरे होऊन मागे सरले. इकुयोचे हात अजून पसरलेले होते. ते तिने खाली घेतले, सरपणातले सर्वांत ओले ओंडके शोधले, एकामागून एक आगटीत सारले आणि पाठीमागचे दार ढकलून उघडले.

वारा आत शिरला, धुराचा लोट थेट घरधनिणीच्या जागेवर गेला. पाहुणे खोकत, डोळे चोळत अंगणात पळाले. निनुमासान त्यांच्यामागे क्षमा मागत धावले. किसाबाई हलल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होते, भातवाढी मुठीत होती.

"मुद्दाम केलंस."

"हो."

"दार लाव."

"तुम्हीच उठा की जागेवरून."

किसाबाईंना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं मला भातवाढी दिली, त्या दिवसापासून तिला मी अर्धी वाटी वाढली. मरेपर्यंत अर्धीच. ती रोज वाटीत बघायची, बोलायची नाही. तू मला पुरती वाढली असतीस?"

इकुयोने खोटे बोलायचे ठरवले असते तर सोपे होते. "नसती वाढली," ती म्हणाली.

"मग? मी काय वेडी होते द्यायला?"

निनुमासान नाकाला रुमाल लावून आले, तेव्हा किसाबाईंनी भातवाढी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पुसून कपाटात ठेवली, कुलूप लावले. इकुयोने ओंडके बाहेर ओढून राखेत विझवले. दोघी गाडीने परतल्या. दोघींच्या कपड्यांना धुराचा वास येत होता.

संध्याकाळी तिने दिवसाच्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली: मुळ्याच्या पाल्याचे मिसो सूप. भाताचा कुकर माझ्या बाजूला ठेवला. सासूबाईंना अर्धी वाटी.