वाढत्या अंगाची बंदूक

लेहतोलांच्या घरात कुठलीही वस्तू मापाची घ्यायची पद्धत नाही. कोट घेतला की बाह्या दोनदा दुमडायच्या, बूट घेतले की पुढे लोकरीचा बोळा कोंबायचा. पोरगं वाढतंय, दरवर्षी कोण नवं घेणार? ओन्नीला पहिली सायकल मिळाली तेव्हा उतरायला त्याला फाटकाचा आधार लागायचा, आणि फाटक नसेल तिथे तो सरळ झुडपात उतरायचा. बाराव्या वर्षी वडिलांनी स्वतःची रायफल त्याच्या हातात दिली तीही याच हिशेबाने. पेललीच नाही तर? पेलेल की हळूहळू!

रायफल चांगली होती, त्यात वाद नाही. अक्रोडाचा दस्ता, लांब नळी, आणि काडतूस असं दांडगं की एल्कसारखं घोड्याएवढं हरीणही पाडावं. पहिला बार काढला तेव्हा ओन्नी बर्फात बुडावर आपटला आणि त्याचा खांदा आठवडाभर निळा राहिला. सगळे हसले, तोही हसला. पण अंगाने एक धडा घेतला तो घेतलाच. चाप ओढायच्या आधी अंग आक्रसायचं, नळी खाली जायची आणि डोळे घट्ट मिटायचे. ही गोष्ट ओन्नीने बावन्न वर्षं कोणालाही सांगितली नाही. बंदूक बदलावी असं त्याच्या मनात पुष्कळदा आलं, पण वडिलांची बंदूक नको म्हणायची तर कारण द्यावं लागतं.

आता आमच्याकडे मिशिगनच्या या वरच्या टोकाला हरीण चुकवणं ही काही खासगी बाब राहत नाही. पंधरा नोव्हेंबरला शिकार सुरू होते, शाळेला सुट्टी असते, आणि जो नेम चुकवेल त्याच्या शर्टाची मागची शेपटी कॅम्पवर, म्हणजे जंगलातल्या शिकारीच्या झोपडीत, सर्वांसमक्ष कात्रीने कापली जाते. तिच्यावर नाव आणि तारीख लिहून ती भिंतीला ठोकतात. लेहतोलांच्या कॅम्पच्या भिंतीवर एकूण एकतीस शेपट्या होत्या आणि त्यातल्या तेवीस एकट्या ओन्नीच्या. त्याची बायको सिल्विया ऑक्टोबरात त्याचे विटलेले शर्ट बाजूला काढून ठेवायची. "चांगला घालून जाऊ नका हो, परत येताना अर्धाच येतो," म्हणायची.

त्यात त्याचं नाव ओन्नी. लेहतोला मूळचे फिनलंडचे, आणि फिन लोकांच्या भाषेत ओन्नी म्हणजे नशीब. थोरला भाऊ रूबेन, जो कॅम्पचा मुखत्यार, पत्त्यांचा राजा आणि आवाजाने सगळ्यात मोठा, त्याला हा विनोद बावन्न वर्षं पुरला. "नशीब बाहेर गेलंय, आता हरणांनी काळजी करू नये," असं तो दरवर्षी न चुकता म्हणायचा. चर्चमधल्या बायकांचं मत मात्र वेगळं होतं. ओन्नीला मुक्या जनावराची दया येते, तो मुद्दाम चुकवतो, असं त्या म्हणत. ओन्नीने ते कधी खोडून काढलं नाही. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं ते बरोबर कळतं.

सगळं असंच सुखात चाललं असतं, पण सप्टेंबरात त्याची नात काइसा बारा वर्षांची झाली. शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग तिने पहिल्या नंबराने पास केला आणि ते कार्ड ओन्नीच्या कॉफीच्या कपाला टेकवून उभं केलं.

"आजोबा, यंदा मी येणार. तुमच्या शेजारी बसणार. आई म्हणाली, बंदूक आजोबा निवडतील."

ओन्नीला इतका आनंद झाला की त्याने कार्ड उलटसुलट करून तीनदा वाचलं. आणि त्याच संध्याकाळी रूबेन आला.

"निवडायचं काय त्यात?" रूबेन खुर्ची ओढत म्हणाला. "बाबांची रायफल आहे ना! तुला बाराव्या वर्षी मिळाली, तिला बाराव्या वर्षी. तू आता स्वतःला नवी घे, म्हाताऱ्या."

"लांब आहे रे ती."

"वाढेल की पोरगी!"

"धक्का फार देते."

"तुला दिला, तुझं काय बिघडलं?"

ओन्नीने कॉफी ढवळली. त्यात साखर नव्हती, तरी ढवळली. काय बिघडलं ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि न सांगावं तर पोरीचे डोळे मिटणार होते. तिच्या शर्टाच्या शेपट्या भिंतीवर लागलेल्या त्याला दिसू लागल्या. शेवटी तो एवढंच म्हणाला, "शनिवारी वाळूच्या खाणीत जाऊन बघू."

दुसऱ्या दिवशी तो लॉरेटाच्या दुकानात गेला. खिळे, कुलपं, बर्फ उपसायची फावडी आणि मागच्या भिंतीला बंदुका, असं ते दुकान. गावातल्या निम्म्या पोरांची पहिली रायफल लॉरेटाने मापून दिलेली. ओन्नी अर्धा तास खिळेच बघत राहिला.

"तेवीस शेपट्या ठोकायला एवढे खिळे बास आहेत," लॉरेटा म्हणाली. "काय हवंय ते बोल."

"नातीसाठी बंदूक. रूबेन म्हणतो बाबांची द्या. वाढत्या अंगाला होईल म्हणतो."

"कोट मोठा असला तर पोर ध्यान दिसतं, तेवढंच. बंदूक मोठी असली तर पोर बिघडतं." चष्म्यावरून तिने ओन्नीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुला कसं कळलं रे हे? तुमच्या घरात तर कोणाला कधी कळलं नाही."

"ऐकलं कुठेतरी."

"हं. मी येते शनिवारी खाणीवर."

शनिवारी खाणीत चौघंच होती. रूबेनने बाबांच्या रायफलीला चक्क लाल फीत बांधली होती. लॉरेटाने आपल्या गाडीतून एक जुनी, आखूड दस्त्याची, हलक्या काडतुसाची रायफल काढली. दस्त्याला एक पोचा होता आणि दिसायला ती बाबांच्या रायफलीपुढे अगदीच गरीब होती.

"कोपर वाकव," लॉरेटाने काइसाला सांगितलं आणि बाबांच्या रिकाम्या रायफलीचा दस्ता तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवला. "आता बोट चापापर्यंत ने." बोट चार बोटं अलीकडेच थांबलं.

"हात जरा लांब कर की," रूबेन म्हणाला.

"रूबेनआजोबा, हात काय रबराचा आहे?"

"मारून तर बघ! बंदूक मारल्याशिवाय कळते का?"

काइसाने रायफलीकडे पाहिलं, मग ओन्नीकडे. "आजोबा, आधी तुम्ही मारून दाखवा ना. कशी धरायची ते बघते."

लॉरेटाने लगेच पुढे होऊन रायफल घेतली. "आण, मी भरून देते." सगळ्यांकडे पाठ करून तिने भरली. ओन्नीने कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या, वाळूच्या ढिगाऱ्यावर टाचलेल्या कागदी थाळीवर नेम धरला आणि चाप ओढला.

टक्.

बार झालाच नाही. लॉरेटाने आत फुसकं काडतूस घातलं होतं. नेम शिकवणाऱ्यांची ती जुनी युक्ती. बार उडाला की आवाजात आणि धक्क्यात सगळं झाकून जातं, नाही उडाला की माणूस उघडा पडतो. रायफलीची नळी वीतभर खाली गेली होती आणि ओन्नी लेहतोला, वय चौसष्ट, खांदे कानाला लावून, सुई टोचून घेणाऱ्या पोरासारखे डोळे गच्च मिटून उभा होता.



"आजोबा," काइसा म्हणाली, "तुम्ही डोळे का मिटले?"

ओन्नीने रायफल हळूच खाली केली. खोटं बोलायला त्याने तोंड उघडलंही. चाप अडकला, डोळ्यात वाळू गेली, काहीही चाललं असतं. पण पोरगी हसत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भीती वाटते म्हणून," तो म्हणाला. "हिच्या धक्क्याची. मी तुझ्याएवढा होतो तेव्हापासून."

रूबेनचं तोंड हसायला उघडलं होतं ते तसंच राहिलं. "बावन्न वर्षं?"

"बावन्न."

"दरवेळी?"

"दरवेळी."

रूबेनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "मग एवढ्या वर्षांत ती चार हरणं तू मारलीस ती?"

"ती कशी मेली ते त्यांनाच ठाऊक. मी बघत नव्हतो."

आधी लॉरेटाला हसू फुटलं, मग काइसाला, आणि मग रूबेन असा हसला की त्याला गाडीच्या बॉनेटवर हात टेकावे लागले. ओन्नीही हसला. पण हसू ओसरल्यावर त्याने रायफलीची लाल फीत स्वतः सोडली. "ही पोरीला द्यायची नाही, रूबेन. बाबांची असली तरी नाही."

रूबेनने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं जे ओन्नीने पूर्वी पाहिलं नव्हतं. "मला सांगायचंस रे," तो म्हणाला. "मी सगळं आयुष्य तुझी टिंगल करत बसलो."

"तू थांबला असतास?"

"नाही," रूबेनने प्रामाणिकपणे सांगितलं.

मग आखूड रायफल काइसाच्या कोपरात टेकवली, आणि बोट चापावर सहज पोचलं. पहिला बार थाळीच्या खाली गेला, दुसरा काठावर, तिसरा आत. चौथ्याला लॉरेटाने गुपचूप फुसकं काडतूस घातलं. टक् झालं आणि नळी जागची हलली नाही. काइसा दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून थाळीकडे बघत होती. "का नाही उडाली?" तिने विचारलं.

ओन्नीने पाठ फिरवून नाक शिंकरलं. थंडी आहे म्हणाला. खरं तर आपल्या चारही हरणांनी मिळून त्याला एवढा आनंद दिला नव्हता.

"दोन वर्षांत आखूड पडेल ही," रूबेनने शेवटचा प्रयत्न केला.

"तेव्हा लांब दस्ता बसवू," लॉरेटा म्हणाली. "दोनच तर स्क्रू आहेत."

पंधरा तारखेला बाबांची रायफल कॅम्पवर शेगडीच्या वरच्या खुंट्यांवर लटकत राहिली आणि ओन्नी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने जंगलात बसला. साडेआठला सीडरच्या झाडीतून एक कोवळ्या शिंगांचा नर बाहेर आला. काइसाने थांबून, श्वास सोडून, एकच गोळी झाडली आणि तो जागीच बसला. ती जरा रडली, मग हसली, मग पुन्हा जरा रडली. ओन्नी तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला. त्या खांद्याला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच्या शेजारी येऊन बसली. दुपारी बर्च झाडांमध्ये एक मोठा नर दिसला तेव्हा तिने आपली रायफल ओन्नीच्या मांडीवर ठेवली.

"आता तुम्ही."

"मला आखूड होते गं."

"कोपर बाहेर काढा. आणि आजोबा," ती कानात कुजबुजली, "डोळे."

ओन्नीने कोपर बाहेर काढलं, मान खाली घालून रायफलीवरच्या दुर्बिणीत पाहिलं आणि चाप ओढला. बार झाला. हरणाच्या पाठीच्या वर, हातभर डावीकडे, बर्चच्या सालीचा एक पांढरा कपचा उडाला. हरीण वळलं, पांढरी शेपटी उभारून तीन उड्यांत दिसेनासं झालं.

"चुकली! बर्चला लागली! पाहिलंस?" ओन्नी उठून उभाच राहिला. "सालीचा तुकडा उडाला, असा, वरच्या बाजूला! मी पाहिला!"

कॅम्पवर रूबेन कात्री घेऊन तयारच होता. चुकीला सुट्टी नाही, म्हणत त्याने शेपटी कापली, पण लिहायचं काम काइसाने मागून घेतलं. जाड पेनाने तिने सावकाश लिहिलं आणि कापड रूबेनच्या हातात दिलं. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण तो नेहमीच मोठ्याने वाचायचा.

"ओन्नी लेहतोला. सोळा नोव्हेंबर." मग तो थांबला, आणि उरलेलं जरा हळू वाचलं. "डोळे उघडे होते."

कॅम्पवरच्या बाकी लोकांना काही कळलं नाही. रूबेनने हातोडी उचलली आणि परत ठेवली. इतर तेवीस शेपट्यांच्या ओळीत न ठोकता त्याने ती शेगडीवर लटकणाऱ्या बाबांच्या रायफलीच्या नळीला बांधली. गाठ त्याने दोनदा मारली.