पोतंअण्णा कुणाकडे बघत होता

पोतंअण्णा बोलताना कधी माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही. हाताकडे बघायचा, पायाकडे बघायचा, नाहीतर तुमच्या कोपराकडे. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या शर्टाला काहीतरी लागलंय. दहा वर्षांनी भेटलात तर तुमचं नाव त्याला आठवायचं नाही, पण तुम्ही कप कुठल्या बोटांनी धरता ते करून दाखवायचा. बघून तुम्हाला आधी हसू यायचं, मग घाम फुटायचा. मला तर त्याने असा हादरा दिला की मी अजून भिंत धरूनच उभा आहे.

मी शिंपी. बेंगळुरात, चामराजपेटेत ब्लाउज शिवतो. तिसरीत दोनदा बसलो, दोन्ही वेळा तिसरीच जिंकली. तरी पेटेत सगळे मला मास्तर म्हणतात, कारण टेलर म्हणजे मास्तर. हे सुद्धा मी बोलतोय आणि माझी लेक सुनंदा लिहून घेतेय. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे, दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करायची तिला सवय आहे.

अण्णा आमच्याच गल्लीतला, रेशमी साड्यांच्या दुकानात घड्या घालायचा. बसला की ज्वारीचं पोतं भिंतीला टेकवून ठेवल्यासारखा दिसायचा, म्हणून ते नाव. गिऱ्हाईक पायरी उतरलं की हा उठायचा आणि तीच बाई होऊन परत दुकानात शिरायचा. एवढा जाडा माणूस, ओठावर झुपकेदार मिशी, पण साडी खांद्यावर टाकून आरशाकडे तिरकं बघायला लागला की मालकसुद्धा ‘या अक्का, बसा’ म्हणून जायचा.

एकदा आमच्या मंडळाच्या गणपतीत गाणारी बाई आलीच नाही. आम्ही अण्णाला ढकलला स्टेजवर. त्याने एक शब्द न बोलता साडी घेणाऱ्या चार बायका केल्या. सासू, सून, नणंद आणि नुसतीच बरोबर आलेली एक. लोक खुर्च्यांवरून घसरले. पडद्याची दोरी माझ्याकडे होती. मी हसता हसता ती सोडली आणि पडदा पाहुण्यांच्या डोक्यावर आला. त्या दिवसापासून अण्णा नट झाला आणि मला मंडळात फक्त नारळ फोडायचं काम उरलं.

मग ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधे हसवायला गेला, तिथनं कानडी पिक्चरवाल्यांनी उचलला. पहिलं काम प्रेताचं. शॉट सुरू झाला आणि प्रेताचं पोट वरखाली व्हायला लागलं. डायरेक्टर ओरडला, ‘अरे, तू मेलायस ना?’ अण्णा डोळे न उघडता म्हणाला, ‘नवीन मेलोय सर. स्वल्प सवय होऊ दे.’ डायरेक्टरने ते तसंच पिक्चरमध्ये ठेवलं. पुढे अण्णा हवालदार झाला, आचारी झाला, नवरीचा मामा तर इतक्यांदा झाला की पेटेतल्या पोरी खऱ्या लग्नात त्याच्या पाया पडायच्या. पोस्टरवर हिरोच्या काखेतनं त्याचं डोकं दिसायला लागलं.

एवढा मोठा झाला, के. आर. पुरमला फ्लॅट घेतला, तरी रविवारी जेवायला आमच्याकडेच. लग्न केलेलं नाही, आई गेलेली. माझी बायको मालू त्याला भाऊबीजेला ओवाळायची. तो तिला अक्का म्हणायचा आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून बसायचा.

आता माझा मूर्खपणा ऐका. मला वाटायचं, हा माझ्यासाठी येतो. एवढा कलाकार माझ्या घरी येतो म्हणजे माझ्यात काहीतरी असणार. म्हणून मी त्याच्यापुढे अकरा वर्षं ॲक्टिंग केली. मुद्दाम लंगडायचो, तोंडात टाचण्या धरून बोलायचो, गिऱ्हाइकाशी भांडलो ते भांडण दोनदा भांडायचो. घे बाबा, काय उचलायचं ते उचल. तो मान हलवायचा आणि माझ्या खांद्यावरून आत बघत राहायचा. मला वाटायचं, चपात्या कधी येतायत ते बघतोय.

दुकानात तर मी सगळ्यांना सांगायचो, ‘तो हवालदार बघितला? तो मी. तो आचारी? तो पण मीच.’ एका बाईला त्या आचाऱ्याचे हातवारे करून दाखवता दाखवता तिच्या ब्लाउजची एक बाही कोपरापर्यंत शिवली आणि एक दंडापर्यंत. ती म्हणाली, ‘मास्तर, हा पण तुमच्या अण्णाचा जोक का?’

मग मालू गेली. मंगळवारी ताप आला, शुक्रवारी दवाखान्यात गेली. मी तिच्यासाठी खालनं कॉफी आणायला गेलो होतो. वर आलो तर कॉफी गरम होती आणि ती नव्हती. याच्यापुढे मला सांगता येत नाही, सुनंदा पण लिहायची थांबलीय.

आमच्यात तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी घरच्यांना सिनेमाला नेतात. दुखवटा काढायचा तो असा. पिक्चर रडका चालत नाही, हसायचाच लागतो, आणि घरधन्याने एकदा तरी हसायलाच हवं, नाहीतर दुखवटा घरातच बसतो म्हणतात. तिकिटं काढायची ती माहेरच्यांनी. मालूला सख्खा भाऊ नव्हता. अण्णा म्हणाला, ‘मी आहे ना. मी नेतो.’

त्या आठवड्यात मॅजेस्टिकला दोन हसायचे पिक्चर लागले होते. एक कुणाचा तरी, एक अण्णाचा. अण्णा म्हणाला, ‘मास्तर, तो दुसरा बघू या. यात माझं काम बरं नाही.’ आपलं काम बरं नाही असं म्हणणारा नट तुम्ही बघितलाय? मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी तिसरी नापास. मी अडून बसलो, ‘बघायचा तर आमच्या अण्णाचाच! मालूला तो हसवायचा, मला पण तोच हसवेल.’ माझी थोरली आत्या म्हणाली, ‘घरधनी म्हणतो तोच.’ विषय संपला.

दुपारचा खेळ. एका ओळीत आम्ही नऊ जण, शेवटी अण्णा टोपी खाली ओढून बसलेला. पडद्यावर तो खानावळीचा मालक होता. कुणीतरी दार वाजवलं. त्याने जिभेला अंगठा लावला, भुवई सारखी केली आणि मग दार उघडलं.

माझा हात खुर्चीवर होता, तो सुनंदाने घट्ट धरला. दाराशी जाताना भुवईला ओला अंगठा लावायची ती मालू.

मला वाटलं, योगायोग. मग खानावळवाल्याचं गिऱ्हाइकाशी भांडण झालं. आरडाओरडा, पळी आपटणं सगळं झालं, तरातरा आत गेला. दोन क्षण पडद्यावर कुणीच नाही. मग स्वयंपाकघराच्या दाराच्या पडद्यामागनं नुसतं डोकं बाहेर आलं आणि खाली बघत म्हणाला, ‘स्वल्प भात वाढू?’ कानडीत म्हणाला, पण सूर तिचा. तीस वर्षं आमचं प्रत्येक भांडण याच वाक्याने संपलंय. थेटर फुटलं हसून. आमची ओळ दगड. चौदा दिवसांपूर्वी जिला पोचवून आलो ती बाई मिशी लावून पडद्यावर भात वाढत होती आणि चारशे माणसं हसत होती.

त्याच्या सगळ्या पिक्चरची रांग माझ्या डोळ्यापुढनं गेली. हवालदाराचं कमरेवर हात ठेवून उभं राहणं, आचाऱ्याचं बोटाच्या पेरावर मोजणं. त्यात मी कुठेच नव्हतो.

इंटरव्हलला लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते. मी आत घुसून त्याची कॉलर धरली.

‘चोरा! कुणाला विचारून घेतलंस?’

‘तिलाच.’

‘काय?’

‘पहिल्या हवालदाराच्या वेळीच विचारलं होतं मास्तर. अक्का इतकी हसली की डोळे पुसले तिने. म्हणाली, घ्या अण्णा, पण ह्यांना सांगू नका हं. ह्यांना वाटतं तुम्ही ह्यांचीच नक्कल करता. वाटू द्या. गडी खूश असतो.’

मी कॉलर सोडली. सेल्फीवाल्या पोराला वाटलं शूटिंग आहे, त्याने टाळी वाजवली.

‘अकरा वर्षं तिला माहीत होतं?’

‘प्रत्येक पिक्चर बघून सांगायची, हे बरोबर जमलं, हे नाही.’

माझ्या तोंडातनं काय निघावं? ‘मग माझं काय घेतलंस?’ बायको जाऊन चौदा दिवस आणि मी हे विचारतोय.

पहिल्यांदा अण्णाने माझ्या तोंडाकडे बघितलं. ‘तुझं काय घेऊ मास्तर? तू मान वरच करत नाहीस. घरात असलास तर ताटात बघतोस, दुकानात सुईत. कॅमेऱ्याला तोंड दिसायला लागतं.’

आम्ही परत आत गेलो. आत्या दर पाच मिनिटांनी वाकून विचारायची, ‘हसला का रे?’ लोक हसत होते तेव्हा मी मालू शोधत होतो. शेवटी खानावळ बंद पडते, अण्णा रिकाम्या टेबलांवरनं फडकं फिरवतो, थेटर सगळं मुसमुसतंय. आणि तो प्रत्येक टेबल पुसून झालं की फडक्याचा वास घेऊन नाक मुरडतो. मी खो खो हसलो. मालू तस्संच करायची! सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. आत्या म्हणाली, ‘सरी, झालं बाबा, सुटलो.’

मी हसलो, पण सुनंदा हसली नाही. बाहेर येऊन तिने अण्णाला सांगितलं, ‘मामा, आईचा तमाशा केलात तुम्ही. आता घरी येऊ नका.’ अण्णा ‘बरं’ म्हणाला. मी तिथेच उभा होतो. मध्ये पडायला हवं होतं. मी चप्पल बघत राहिलो.

दीड वर्ष तो आला नाही. त्याचे तीन पिक्चर आले, तिन्ही पडले. लोक म्हणायचे, म्हातारा झाला, संपला. मी तिन्ही एकटा जाऊन बघितले. अण्णा पडत होता, आपटत होता, तोंडं वाकडी करत होता. मालूचं काहीच नव्हतं. सुनंदाने ‘घेऊ नका’ असं म्हटलंच नव्हतं, नुसतं ‘येऊ नका’ म्हटलं होतं. त्याने स्वतःहून सगळं उतरवून ठेवलं होतं. तिसऱ्या पिक्चरनंतर मी हादरलो, कारण मला कळलं की मालू दोनदा गेली, आणि दुसऱ्यांदा घालवली ती आम्हीच.

के. आर. पुरमला गेलो. अण्णा वाळला होता, पोत्यातनं अर्धी ज्वारी काढल्यासारखा. म्हटलं, ‘चोरी पुन्हा सुरू कर.’

‘आता कुठनं करू मास्तर? ती समोर असायची तेव्हा जमायचं. नवीन पिक्चरमध्ये देवळाच्या पायऱ्या चढायच्यात. अक्का चढताना कुठला हात गुडघ्यावर ठेवायची?’

तीस वर्षं मी त्या बाईबरोबर पायऱ्या चढलो. पुढे असायचो मी, दहा पायऱ्या पुढे. मला माहीत नव्हतं.

मी त्याला रिक्षात घालून थेट सुनंदाकडे नेला. तिने दार उघडलं, त्याला बघितलं आणि दारातच उभी राहिली. मी म्हटलं, ‘बाई, तुझा बाप आंधळा आहे. ज्याने बघितलं तो विसरत चाललाय. तू बघितलंयस. दाखव.’

ती चप्पल न घालताच बिल्डिंगच्या जिन्याकडे गेली. पदर खोचला. डावा हात गुडघ्यावर ठेवला. पाच-सहा पायऱ्या चढली आणि रडायला लागली, पण चढायची थांबली नाही. अण्णा खालच्या पायरीवर बसून तिचे पाय बघत होता. म्हणाला, ‘परत एकदा, बाळ.’ ती परत चढली.

पिक्चर लागला तेव्हा अण्णा नव्हता. डबिंग संपवून घरी आला, झोपला आणि उठला नाही. या वेळी पोट हललं नाही.

त्याचं कुणी नव्हतं, म्हणून तेराव्यानंतर सिनेमाला आम्हीच गेलो. सुनंदाने तिच्या चार वर्षांच्या पोरीला पण आणलं होतं. तिला आजी आठवत नाही. देवळाचा सीन आला. धोतर नेसलेला तो म्हातारा डावा हात गुडघ्यावर ठेवून चढायला लागला. सुनंदा पोरीच्या कानात म्हणाली, ‘बघ, तुझी आजी.’

‘आजीला मिशी?’ पोरगी मोठ्याने म्हणाली.

‘मिशी मामाची. बाकी सगळी आजी.’

वर पोचायला तीन पायऱ्या राहिल्या असतील. ती थांबली, कमरेवर हात ठेवला आणि मागे वळून बघितलं, आम्ही सगळे येतोय ना. मी कधी बघितलं नव्हतं ते असं होतं तर. मी हात वर केला. मागचा माणूस कानडीत ओरडला, ‘यजमान्रे, हात खाली घ्या, दिसत नाही!’

ती पुन्हा चढायला लागेपर्यंत मी काही हात खाली घेतला नाही.