आतली खोली

बुधवारी दुपारी काकूंनी सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात वाढली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मधली तुकडी काकांची, हा त्या घरचा कायदा होता. पण आदल्या रात्रीच्या जागरणाने माझे डोळे चुरचुरत होते, मी ती निमूट खाल्ली. हात धुवून आले तर काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या. ओट्याकडे बघत म्हणाल्या, "ताईला शनिवारी घेऊन येतायत गो. डॉक्टरनी झोपूनच राहायला सांगितलंय. तिच्याकडे लिफ्ट नाय ना, चौथा माळा."

ताई म्हणजे काकूंची एकुलती एक मुलगी, जवळच नाहूरला दिलेली. लग्नाला पाच वर्षं होत आली होती आणि आता कुठे तिला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे ती येणार हे ठरलेलंच होतं. पण यायची होती सातव्या महिन्यात. तोवर माझी आर्किटेक्चरची शेवटची ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढची परीक्षा, होऊन मी मुलुंड सोडणार होते. आता तिला पाचवा चालू होता, आणि माझ्या ज्युरीला दीड महिना होता.

मुलुंड पूर्वेच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात खोल्या दोनच. बाहेर काका-काकू झोपायचे, आत मी. आतली खोली ताईचीच. ती लग्न होऊन गेली त्या वर्षी मी आले. काकांचे वडील गिरणीत होते, आमच्याच वाडीतले. त्या एका धाग्यावर बाबांनी मला कुडाळकडून मुंबईला पाठवलं होतं. निघताना चार माणसांदेखत म्हणाले होते, "आपल्या माणसांच्या घरात आसस तोवर शीक. ता घर सुटला काय तू घराक येवचा." चार माणसांदेखत बोललेला शब्द बाबा मागे घेत नाहीत. साधी छत्रीसुद्धा त्यांनी गेलं वर्षभर घेतलेली नाही, कारण 'घेणार नाय' असं एकदा दुकानात सगळ्यांसमोर बोलून बसले होते.

म्हणजे खोली गेली की शेवटचं वर्षही गेलं. साडेचार वर्षं मान मोडून काढलेली ड्रॉइंग्ज गुंडाळून मी घरी जाणार आणि बाबांच्या दुकानात साखर तोलणार.

"मी बाहेर झोपेन ना काकू," मी म्हटलं.

"बाहेर काका असतात. जावई येणार-जाणार. आणि तुझं ते घर कुठे ठेवणार?"

घर म्हणजे माझं मॉडेल. माउंटबोर्डचं म्हणजे जाड पुठ्ठ्याचं, जेवणाच्या टेबलाएवढं, आतल्या खोलीतली अर्धी जमीन अडवून बसलेलं. ज्युरीला बाहेरचे परीक्षक येतात, भिंतीवर शीट्स आणि समोर मॉडेल नसेल तर तुमच्याकडे बघतही नाहीत. काकूंचं बरोबर होतं. मला राग आला तो त्याचाच. काकू वाईट असत्या, ताई आगाऊ असती, तर मी कडाकडा भांडले असते; भांडण मला जमतं. पण पाच वर्षांनी पोटुशी राहिलेल्या बाईशी कोणत्या तोंडाने भांडायचं?

मी एवढंच मागितलं, की बाबांना सांगू नका. काकूंनी पदराला हात पुसले. "मी आपणहून नाय सांगणार. पण त्यांनी विचारलं तर खोटं पण नाय बोलणार हां."

आईला मात्र मी सांगितलं, बाबा दुकानात असताना, फोनवर. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी बघतंय काय ता." मला हसू आलं, चीडही आली. कुडाळात बसून ही मुलुंडच्या खोलीचं काय बघणार होती?

शनिवारपर्यंत मी वणवण केली. कॉलेजचं हॉस्टेल वर्षाच्या मध्ये कुणाला घेत नाही. मुलुंड पश्चिमेला एजंट मला बिल्डिंगमागून बिल्डिंग दाखवत फिरला आणि प्रत्येक गेटवर वॉचमनच्या आधी कुणीतरी काका-मामा उभे. आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "नॉनव्हेज?" पहिल्या ठिकाणी मी खरं बोलले. दुसरीकडे म्हटलं, कधीकधी. तिसरीकडे मी शुद्ध शाकाहारी झाले, तर ते म्हणाले, स्टुडंटला देत नाही. घाटकोपरला एका बाईंनी खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, चहासुद्धा दिला, आणि मॉडेलचा फोटो बघून म्हणाल्या, ही कटकट घरात नको. एजंट वैतागला. "मॅडम, तुम्ही एक काम करा ना, लग्न करा. फॅमिलीला लगेच देतात." मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

शेवटी चेंबूरला एका खोलीत आठ मुली झोपायच्या तिथे एक कॉट मिळाली, वरची. शनिवारी सकाळी मैत्रिणीच्या भावाने टेम्पो आणला. आम्ही मॉडेल जिन्यावरून खाली उतरवत असतानाच ताईची गाडी आली. जावई आणि काका तिला दोन्हीकडून धरून आणत होते. मॉडेलमुळे जिना अडला होता, म्हणून आम्हीच बाजूला झालो. ती माझ्याशी ओशाळं हसली. "सॉरी हां, तुझी वाट लावली मी."

"छे गं," मी म्हटलं. "तू नीट झोपून राहा."

चेंबूरला पहिल्याच दिवशी कळलं की इथे काम होणार नाही. कॉटवर बसलं की डोकं छताला. खाली पसरायला जमीन नाही, जी होती तिच्यावर बॅगा. कॉलेजचा स्टुडिओ संध्याकाळी बंद व्हायचा. मॉडेल मी पॅसेजमध्ये प्लास्टिक घालून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी येऊन बघते तर त्याच्यावर कुणीतरी ओल्या कपड्यांची बादली ठेवलेली. मॉडेलचे दोन मजले दबून खाली बसले होते. मी बादली उचलली, बाजूला ठेवली, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेरून दार वाजत होतं, "यार, किती वेळ?" मला मोठमोठ्याने रडायचं होतं आणि त्या घरात तेवढीही सोय नव्हती.

आमचे सर तसे बोलायला मऊ. शीट्स बघून त्यांनी चष्मा काढला. "हे असंच राहिलं तर मी तुला ज्युरीला उभं करू शकत नाही. घरी काही झालंय का?" मी म्हटलं, नाही सर. घर, हाच तर घोळ होता.

बाबा रोज व्हिडिओ कॉल करायचे. मी कॉलेजातली एक पांढरी भिंत शोधून ठेवली होती, तिच्यापुढे उभी राहून बोलायचे. "काकू खंय?" "बाजारात गेल्यायत." "काका?" "कामावर." बाबा मान डोलवायचे. एवढा संशयी माणूस, पण माझ्यावर पटकन विश्वास ठेवायचा, आणि ते बघून मला जास्तच गुदमरायला व्हायचं. एका मंगळवारी म्हणाले, ठाण्याला लग्न आहे, येतो. "रविवारी तुझ्याकडे येतंय. काकूक सांग, जेवण नको, नुसती चाय."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. कॉटवर पडून मी हिशोब करत राहिले. काकूंकडे जाऊन बसावं, मी अजून इथेच राहते असं दाखवावं. पण आत ताई झोपलेली. बाबांना सरळ सांगावं. पण मग सोमवारच्या गाडीचं माझं तिकीट निघालंच. आजारी पडावं. ताप यावा म्हणून मी खरोखरच गार पाण्याने दोनदा आंघोळ केली आणि मला साधी शिंकही आली नाही. त्या दिवसांत मी देवाला, सरांना, चेंबूरला, माझ्या नशिबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला ती काडीही दिसत नव्हती.

शुक्रवारी दुपारी काकूंचा फोन आला. मला वाटलं, बाबांनी विचारलं आणि यांनी सांगितलं.

"खोली रिकामी आहे," काकू म्हणाल्या. "ये."

"ताई?"

"ती गेली नाहूरला."

"पण जिना?"

काकूंचा आवाज अगदी सपाट होता. "आता चढायला काय हरकत नाय म्हणाले डॉक्टर."

काय बोलायचं असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. काकूच पुढे बोलल्या. सोमवारी रात्री हॉस्पिटलात नेलं. तिथून इथे आणली, पण शेजारपाजारच्या बाया बघायला यायच्या, तिला ते सोसेना. नवऱ्याला म्हणाली, मला आपल्या घरी ने. "तुझी परीक्षा आहे ना? मग ये. खोली कशाला बंद ठेवू? मला पण घर खायला उठतं."

मी जायला नको होतं असं मला वाटून गेलं, आणि ते वाटत असतानाच मी बॅग भरत होते. शनिवारी मॉडेल पुन्हा जिन्यावरून वर चढलं. काकांनी एक बाजू धरली. वळणावर ते म्हणाले, "सांभाळून." खोलीत धुतलेली चादर घातली होती. मी खाली बसकण मारली, सगळ्या शीट्स पसरल्या आणि दबलेले मजले एकेक करून कापून काढले. हात सरसर चालत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं काम चांगलं होत होतं, आणि मला त्याचा आनंद झाला. तो झाला म्हणून मला स्वतःची किळस आली, पण हात मी थांबवला नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी तिला सांगितलं, मी परत काकूंकडे आलेय, उद्या बाबा येऊ देत खुशाल. आई हसलीच. इतकी मोकळी ती क्वचित हसते.

"देवान आयकल्यान गो बाय. तुका सांगूक नाय मी. गुरवाक सांगून देवळात गाऱ्हाणा घातलंय सोमवारी."

आमच्याकडे ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतात. गुरव खणखणीत आवाजात देवाला मागणं सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. लहानपणापासून मीही म्हणत आलेय.

"काय म्हणून घातलंस?" मी विचारलं.

"नाव नाय घेतलंय कोणाचा. माझ्या चेडवाच्या वाटेत जी काय अडचण आसात ती दूर कर, इतक्याच." मग तिला आठवलं. "आणि ताई? तिका खंय ठेवल्यानी?"

"सासरी गेली. बरं वाटतंय तिला."

"बघ, तिचा पण बरा झाला. कितवो म्हयनो लागलो आता?"

दार उघडंच होतं. बाहेर काकू जमिनीवर बसून पालेभाजी निवडत होत्या, माझ्याकडे पाठ करून.

"सहावा," मी म्हटलं.

काकूंचे हात थांबले. थोड्या वेळाने त्या परत भाजी निवडायला लागल्या.