खुर्चीत बसलेली मृण्मयी

शैला गेल्याचं तिच्या मुलीनं, मृण्मयीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली... झोपेतच," एवढंच ती बोलली. शैला इतक्या शांतपणे गेली याचंच मला नवल वाटलं. तिच्या संसारात शांतपणे असं काही घडलंच नव्हतं.

आम्ही दोघी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत शिकवायचो; ती चित्रकला, मी मराठी. शाळेच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात तिला फिनलंडच्या कुणा चित्रकाराचं चित्र सापडलं. करड्या भिंतीपुढे खुर्चीत बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, हात मांडीवर, नजर खाली. बाकी काही नाही. शैला मधल्या सुट्टीत ते पान उघडून बसायची. मग घरी मृण्मयीला तशीच बसवून तिनं तैलरंगात चित्र सुरू केलं. मृण्मयी तासन्‌तास हलत नसे. "किती गुणी आहे बघ," शैला कौतुकानं म्हणायची.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडेच होते. तिचे यजमान बँकेत अधिकारी, चारचौघांत बोलायला मृदू. शैलाच्या दंडावरचे वळ मी पाहिले होते, पण तिनं कधी विचारू दिलं नव्हतं. ते बाहेरून आले, पानं वाढलेली नाहीत हे पाहिलं आणि चित्र टेकवलेल्या ईझलला लाथ घातली. रंग कालवायच्या सुरीनं कॅनव्हास उभा फाडला, मग त्याचीच लाकडी चौकट उचलून शैलाच्या उजव्या मनगटावर हाणली. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी किंचाळले. मृण्मयी मात्र खुर्चीत तशीच, हात मांडीवर, नजर खाली... शैलानं तिच्याकडे पाहिलं. पोर चित्रासाठी नव्हे, भीतीनं अशी बसते, हे तिला तेव्हा कळलं. तिनंच मला नंतर सांगितलं. न हलणाऱ्याला मार कमी बसतो, एवढं मृण्मयी त्या घरात शिकली होती. शैलानं डाव्या हातानं ईझलचा मोडका पाय उचलला आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर सगळ्या ताकदीनिशी घातला. ते कोसळले. "मृण्मयी, ऊठ!" ती ओरडली. आम्ही तिघी अनवाणी जिना उतरलो.

चौकीत हवालदार म्हणाला, "बाई, घरातलं घरात मिटवा." शैलानं सुजलेला, वाकडा हात त्याच्या टेबलावर ठेवला. "मिटवलं असतं हो. पण हाड घरात जुळत नाही." त्यानं कागद पुढे ओढला.

घटस्फोटाला चार वर्षं लागली. मनगट वाकडंच राहिलं. ती पहिलीतल्या मुलीसारखी डाव्या हातानं रेघा मारायला शिकली. मृण्मयी कॉलेजात गेल्यावर तिनं तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. ही बया आता शेंगा सोलत, हसत, सारखी हलत होती. शैला वैतागायची आणि रंगवत राहायची.

ते चित्र शैलाच्या हॉलमध्ये आहे. शैला गेल्यावर, गेल्या आठवड्यात मृण्मयीचे वडील भेटायला आले, काठी टेकत. चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "चेहरा छान आलाय," म्हणाले, "हात मात्र जमलेला नाही."

मृण्मयी त्यांना पाणी देत होती.

"जमला असता, बाबा. तुम्ही मोडलात."

त्यांनी पेला तसाच ठेवला आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले. तिनं त्या शोधून दिल्या नाहीत.