भाग तीनचं कव्हर

सुरतेत कतारगामच्या एका कॅसेटच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसायचे. कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणं आणि त्यांची कव्हरं स्कॅन करून ठेवणं, हे माझं काम. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गिऱ्हाईक आवडीची गाणी सांगायचं आणि आम्ही ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कापडाच्या लूमवरच्या बऱ्याच माणसांना वाचता येत नसे. 'ती पिवळ्या कव्हरवाली द्या', 'ती बैलगाडीवाली द्या' असं ते मागायचे. म्हणून गाण्यांइतकीच कव्हरंही कॉम्प्युटरमध्ये हवीत, असा शेठचा हट्ट. पडद्यावर कव्हरं दाखवायची, गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं. स्कॅन झालं की कागद पस्तीत, म्हणजे रद्दीत, जायचा आणि जुनी कॅसेट पुसून पुन्हा भरायला घ्यायची. दुकान आठ बाय दहाचं, साठवायला जागाच नव्हती.

दिवाळीच्या आधी कॉम्प्युटरही भरला. शेठ म्हणाला, "बेन, गीत एक पण जवुं न जोईए. फोटामांथी जग्या करो."

गाणं एकही घालवायचं नव्हतं, जागा कव्हरांतूनच काढायची होती. मी डोकं चालवलं. ज्या कॅसेटींचे तीन-चार भाग होते, त्यांची कव्हरं एकसारखी असायची. पहिल्या भागाचं ठेवायचं, बाकीची पुसायची आणि सगळ्या भागांना तेच एक जोडून टाकायचं. दोन दिवसांत बरीच जागा निघाली. शेठने माझ्यासाठी खास खमण मागवलं.

आम्ही कोसाडला राहायचो. दोन गल्ल्या सोडून खानदेशातलंच एक कुटुंब होतं. नवरा पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता आणि सुट्टीच्या दिवशी एका अहिराणी गाण्यांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. त्या पार्टीच्या चार कॅसेटी निघाल्या होत्या आणि आमच्या भागात घरोघरी वाजायच्या. त्या डिसेंबरात त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. चाळिशीही गाठली नव्हती. मागे बायको आणि आठ महिन्यांची मुलगी.

सहाव्या दिवशी मी भेटायला गेले. बाई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून लगेच म्हणाली, "ताई, तुमना दुकानमा त्यासना फोटू शे ना? कॅसेटवरना? घरमा एक बी नही."

लग्नात फोटो काढलेला नव्हता. गावी ओळखपत्रांचे फोटो निघाले तेव्हा तो सुरतेत होता. एक कव्हर घरी होतं, त्याचा पोरीने चावून चोथा केला होता. तेराव्याला गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटायचा विधी. तेव्हा भिंतीवर काही नसलं तर मुलगी पुढे बापाला ओळखणार कशावरून, एवढंच तिचं म्हणणं.

"आहे ना," मी म्हणाले. "उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी कॉम्प्युटरवर त्या कॅसेटींची कव्हरं उघडली. चारही भागांना एकच चित्र. पिवळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, माइक धरलेला गायक. त्याच्या कोपराखालून ढोलकीचं एक तोंड आणि चार बोटं दिसत होती. ढोलकीवाला पुढे होता तो भाग तीनवर, गुलाबी फेटा बांधून, हसताना. आता मला ते स्वच्छ आठवलं. पुसताना मी चारही कव्हरं उघडून पाहिलीच नव्हती. पहिलं उघडलं, बाकीची बारीक चित्रं पिवळी दिसली, म्हणून सारखी समजले.

शेठला विचारलं, कागद कुठे असतील?

"ए तो पस्तीमां गया, बेन. क्यारना." मग माझं तोंड बघून म्हणाला, "ढोलकी तो छे ने. संभळावो एने." तीच तिला ऐकवा म्हणे.

मी पस्तीवाल्याकडे गेले. माल कागदाच्या कारखान्यात जाऊन महिना झाला होता. छापखान्यात गेले. प्लेटी भंगारात गेल्या होत्या. फोटोग्राफरने दुकान बंद करून कापडाची दलाली धरली होती. निगेटिव्ह छापखान्याकडेच राहिल्या, असं तो म्हणाला, आणि छापखानेवाले म्हणाले त्याच्याकडे. दोन दिवस मी या दोघांमध्ये फेऱ्या मारल्या. शेवटी गायकाच्या घरी गेले. त्याने कपाटातून पहिल्या भागाची सात कव्हरं काढली, सगळी नवी कोरी.

"तिसरा भाग?"

"त्याच्यावर मी कुठे होतो?" तो म्हणाला. मग स्वतःच खाली बघायला लागला.

नवव्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि सांगून टाकलं. फोटो होता, मी पुसला, चुकून पुसला. तिने मुलीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. रडली नाही. मला वाटलं होतं शिव्या देईल, तर तेही नाही.

"मंग आते तुम्हीच शोधा," एवढंच म्हणाली.

कामावर खाडा केला आणि कोसाडमध्ये घरोघर फिरायला लागले. कॅसेट बहुतेक घरांत होती, कव्हर कुठेच नव्हतं. प्लास्टिकच्या टोपल्यांत नुसत्या उघड्या कॅसेटी. कुणी कव्हरावर हिशोब लिहून फेकलं, कुणाकडे नुसती गाण्यांची यादी असलेली घडी उरलेली. एका घरात कव्हर निघालं, भाग चार. त्यावर पार्टीतल्या नाचणाऱ्या बाया होत्या. म्हणजे चारही कव्हरं वेगवेगळी होती. मी त्या घराच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. अकरावा दिवस असाच गेला.

बाराव्या दिवशी सकाळी एका म्हातारीने पत्र्याची पेटी उघडली. झाकणाच्या आतून देव चिकटवलेले, एक अभिनेत्री, साबणाच्या वेष्टनावरचा गुलाब आणि मधोमध भाग तीन. खळीने पक्कं चिकटवलेलं. मी नखाने कोपरा उचलून पाहिला तर कागदाचा पापुद्रा सुटायला लागला.

"ए, हात लावू नको!" म्हातारी ओरडली. "नवरदेव आहे तो माझा पेटीतला."

मी तिला कोण गेलंय ते सांगितलं. तिने झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाली, "झाकण घेऊन जा. पण मी बरोबर येणार. माझं झाकण माझ्या डोळ्यांसमोर राहील."

बिजागरीच्या पिना काढल्या आणि आम्ही दोघी झाकण मांडीवर घेऊन रिक्षाने कतारगामला गेलो. झाकणाच्या कडा बोटभर उंच, त्यामुळे चित्र स्कॅनरच्या काचेला टेकेना. दोनदा केलं, दोनदा नुसता पिवळा धूर आला. मग मी स्कॅनरचं झाकण उपटलं, स्कॅनर उचलला आणि उलटा करून पेटीच्या झाकणात ठेवला.

"अरे बेन, मशीन मरी जशे!" शेठ ओरडला.

"दाबा वरून," मी म्हणाले. शेठने दाबलं. म्हातारीनेही दाबलं. आतून दिवा सरकत गेला आणि पडद्यावर गुलाबी फेटा उतरायला लागला. मग कपाळ, मग हसणारं तोंड.

मी जतन करायला गेले तर कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही.

"भाग एकनुं कव्हर काढी नाखो," शेठ म्हणाला.

"कव्हर नाही," मी म्हणाले आणि एक गाणं पुसलं.

"कयुं काढ्युं?"

"कुणी कधी मागत नाही ते."

म्हातारी झाकण पुसत म्हणाली, "झालं ना? चला मग. पेटी उघडी टाकून आलेय मी."

फोटो मोठा करून घेतला तेव्हा छपाईचे ठिपके सुपारीएवढे दिसायला लागले. जवळून चेहराच नव्हता, नुसते गुलाबी आणि काळे ठिपके. तेराव्याला तसाच चौकटीत बसवून नेला, हार घातला आणि मी भिंतीजवळच उभी राहिले. माणसं येत होती, वाकून बघत होती आणि चेहरा न सापडता मागे सरत होती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

बाई मुलीला कडेवर घेऊन दारापाशी उभी होती. तिने मला हाक मारली.

"ताई, आठे उभ्या ऱ्हा," ती म्हणाली. "आठून बराबर दिसतस."

मी दारापाशी जाऊन उभी राहिले. दिसत होता.